खाजणासुराचा डबा

पृथ्वीवर अंधाराची सावली पडते, देव हात टेकतात आणि शहाणीसुरती माणसं दारं लावून आत बसतात, तेव्हा त्रैलोक्याच्या रक्षणासाठी एखाद्या कुळात दोन भावंडं जन्माला येतात. त्यांच्या बोटांत आणि ओठांत अशी विद्या असते की तिच्यापुढे सातही पाताळं चळचळ कापतात. कोपरखैरण्याच्या शेलारांच्या घरात अशी दोन भावंडं जन्माला आली होती. फक्त सोसायटीला पाणी सकाळी सहा ते साडेसात येत असल्यामुळे त्रैलोक्याचं रक्षण साडेसातनंतर, बादल्या भरून झाल्यावरच करायचं, अशी आईची सक्त ताकीद होती.

थोरली सुमेधा. वय सतरा, बारावी सायन्स. तिने रांगोळीने वर्तुळ काढलं की भूत, पिशाच्च, राक्षस, कोणाचीही ते ओलांडायची टाप नसे. धाकटा अंकुश. वय पंधरा, दहावी. त्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली की राक्षस जागच्या जागी थिजत. खालच्या मजल्यावरच्या काकूसुद्धा थिजत, पण त्या नंतर वर येऊन भांडत. ही विद्या कोणाकडून आली यावर घरात एकमत नव्हतं. आई, म्हणजे जयमालाबाई, म्हणत, "शेलारांचं रक्त." बाबा, म्हणजे मधुकरराव, तुर्भ्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणत, "आमच्यात असलं काही नाही. तुझ्या माहेरी बघ."

गेल्या वर्षी दसऱ्याला या दोघांनी खाजणासुराला धरलं, तो त्यांचा पहिला पराक्रम. खाडीकाठी भरतीच्या पाण्याखाली जाणारं चिखलाचं रान होतं, त्याला खाजण म्हणतात. तिथे हा राक्षस शेकडो वर्षं सुखाने नांदत होता. खाजण बुजलं, वर इमारती आल्या आणि राक्षस बेघर झाला. गावातल्यांना निदान प्लॉट मिळाले. याच्याकडे सातबाराच नव्हता. मग तो चिडला आणि तलावाकाठी लावलेल्या स्कूटर एकेक करून चिखलात ओढू लागला. बावीस स्कूटर गेल्या. पार्किंगचा प्रश्न आपोआप सुटतोय म्हणून सोसायटीच्या कमिटीने तक्रारही केली नाही. तेविसावी चेअरमनची गेली, तेव्हा कुठे अधर्म माजला असं सगळ्यांच्या लक्षात आलं.

सुमेधाने वर्तुळ काढलं, अंकुशने शिट्टी मारली. आता सूर्य मावळायच्या आत राक्षसाला घट्ट झाकणाच्या भांड्यात कोंडणं भाग होतं. अंकुश धावत घरी गेला आणि माळ्यावरचा हाताला लागेल तो स्टीलचा डबा घेऊन आला. राक्षस आत गेला, झाकण बसलं, वर लाल दोरा बांधला गेला, आणि डबा परत माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे जाऊन बसला. या युद्धाची हकिकत दोघांनी घरी सांगितली नाही. कारण त्या वेळी दोघंही क्लासला होती, असं घरी समजलं जात होतं.

चूक एकच झाली. डबा त्यांचा नव्हता.

झाकणावर ठसठशीत अक्षरांत कोरलेलं होतं, 'सौ. दुर्गाबाई सिताराम मढवी'. दुर्गाबाई गावठाणात राहत, नाक्यावर मासळी विकत. त्या वर्षी गणपती उठल्यावर त्यांनी शेलारांकडे या डब्यातून जवळ्याची चटणी धाडली होती. चटणी दोन दिवसांत संपली. डबा मात्र राहिला. कारण दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो. त्यात काहीतरी घालून द्यायचं असतं, आणि ते काहीतरी जरा बरं असावं लागतं. दिवाळीत जयमालाबाईंच्या चकल्या मऊ पडल्या. संक्रांतीच्या तिळगुळाचे दगड झाले. पाडव्याचं श्रीखंड पातळ झालं. "असलं पाठवून त्या बाईसमोर आपली शोभा करून घेऊ का?" असं म्हणत त्यांनी अकरा महिने काढले. नाक्यावर दुर्गाबाई दिसल्या की त्या पलीकडच्या फुटपाथने जात.

आणि मग या श्रावणात, नारळी पौर्णिमेला, त्यांच्या नारळाच्या वड्या जमल्या. एकदाच्या जमल्या. जयमालाबाई तशाच स्टुलावर चढल्या, मखराच्या खोक्यामागून डबा काढला, लाल दोरा कात्रीने कापला आणि झाकण उघडलं. आत काही नव्हतं. नुसता खारट वास आला. "अजून जवळ्याचा वास जात नाही बघ," त्या म्हणाल्या. शेजारी अंकुश ताटाला चिकटलेल्या वड्या खरवडत उभा होता. त्याला एक मोठी शिंक आली.

बस्स, एवढंच झालं. जयमालाबाईंनी डबा घासला, अकरा वड्या भरल्या आणि मधुकररावांच्या हाती गावठाणात पाठवून दिला.

सुमेधा कॉलेजचं प्रॅक्टिकल आटपून दुपारी घरी आली. दार अंकुशने उघडलं.

"ताई, दमली असशील," तो म्हणाला. "पाणी आणू?"

सुमेधाच्या हातातून पिशवी गळून पडली. त्याने ती उचलली, आत नेली आणि जागेवर ठेवली.

आधी तिला वाटलं, याने काहीतरी फोडलंय. टीव्ही पाहिला, शाबूत होता. तिचा फोन पाहिला, शाबूत होता. संध्याकाळी राखी बांधायची वेळ आली. दर वर्षी अंकुश राखी बांधताना मनगट मागे ओढायचा आणि म्हणायचा, "गुदगुल्या होतायत, लवकर." या वर्षी तो पाटावर ताठ बसला, ओवाळून घेतलं आणि वाकून तिच्या पायाला हात लावला. हात थंडगार होता. नखांत खाडीचा काळा चिखल होता.

सुमेधा स्टुलावर चढली. मखराच्या खोक्यामागे गोल डाग तेवढा होता.

"आई, इथला डबा?"

"दिला बाई एकदाचा दुर्गाबाईंना," जयमालाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "डोक्यावरचं ओझं उतरलं."

पुढचे पंधरा दिवस शेलारांच्या घरात सुवर्णयुग आलं. अंकुश पहाटे साडेपाचला गजराशिवाय उठे. चादरीची घडी घाली. बादल्या भरी. पाहुणे आले की मोबाइल बाजूला ठेवून नमस्कार करी आणि "प्रवास कसा झाला?" असं विचारी. क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये तो तळातून तिसरा असे, तो पहिला आला. क्लासचे मालक सुभाष सर स्वतः घरी येऊन म्हणाले, "शेलारसाहेब, मी वीस वर्षं शिकवतोय. पण माझ्या शिकवण्याचा असा परिणाम मी पहिल्यांदाच बघतोय."

सुमेधाने सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही.

"आई, तो अंकुश नाहीये. तो राक्षस आहे."

"मग राक्षसाकडून शीक काहीतरी," आई म्हणाली. "साडेपाचला उठून त्याने भूगोल केला. तू काय करत होतीस? घोरत होतीस."

"बाबा, तुम्ही तरी!"

मधुकररावांनी पेपर खाली घेतला. त्यांना मुलीचं म्हणणं पटत होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला. "दहावीचं वर्ष आहे, सुमे," ते आतून म्हणाले. "बोर्डानंतर बघू."

घरातल्या कपाटात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा असे. अंकुश ती बिस्किटं उघडून मधलं क्रीम चाटायचा आणि कोरडी बिस्किटं पुन्हा चिकटवून पुड्यात ठेवायचा. त्यावरून दोघांची दहा वर्षं मारामारी चालली होती. तेराव्या दिवशी सुमेधाने पुडा उघडला. सगळी बिस्किटं धड होती. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला रडू आलं.

पंधराव्या दिवशी पिठोरी अमावास्या होती. दुपारी साडेतीन वाजता राक्षस अभ्यासाला बसला असताना सुमेधाने त्याच्या टेबलाभोवती रांगोळीचं वर्तुळ काढलं. रांगोळीचा आवाज होत नाही, पण त्याने मान वर केली.

"त्रिज्या किती घेतलीस, ताई?"

"माझा भाऊ कुठे आहे?"

तो पेन खाली ठेवून हात बांधून बसला. खोटं बोलू नये असं मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगितलं होतं, आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं होतं.

"तुमच्याच घरची रीत आहे ना, डबा रिकामा जात नाही? मी बाहेर आलो. कोणीतरी आत जायला नको?"

"तो डब्यात आहे?"

"वड्यांच्या खाली. आता वड्या संपल्या असतील."

सुमेधाने विचारलं, "आणि तू आयुष्यभर इथे राहणार?"

"आज संध्याकाळी तुझी आई पिठोरीचं वाण देईल. देवाकडे तोंड करून, खीरपुरीचं ताट पाठीमागे धरून ती तीनदा विचारेल, 'अतीत कोण?' म्हणजे दारी आलेला पाहुणा कोण. मागून 'मी' म्हणून जो ताट घेईल, तो तिचा मुलगा. दर वर्षी तसंच ठरतं. आज मी घेईन. मग पक्कं."

"तुला लाज नाही वाटत?"

"दहा महिने डब्यात रिकामा बसलो होतो, ताई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "त्याआधी खाजणात चिखल उपसायचो, भरतीचं पाणी अडवायचो. हाताला काम होतं. इथे काम आहे. रोज टेस्ट असते. तुझ्या भावाला ते नको होतं, मला हवंय. यात कोणाचं वाईट झालं?"

 सुमेधा चपला घालून गावठाणाकडे धावत सुटली.

दुर्गाबाई ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. श्रावणात धंदा बंद, त्यामुळे वेळच वेळ होता.

"काय गो, शेलारांची ना तू?"

"हो मावशी. तुमचा डबा हवा होता. आत्ताच्या आत्ता."

दुर्गाबाईंच्या हातातला लसूण थांबला. "आकरा म्हयने तुमच्याकं व्हता तो डबा. माज्या घरी येऊन पंधरा दिस झालं न्हाईत, तवर परत? तुज्या आयशीला भांडी मिलत नाय का?"

"त्यात माझा भाऊ आहे."

"हां, तो!" दुर्गाबाईंनी मान डोलावली. "हाय ना. टीवीच्या बाजूला ठेवलाय. नायतर लय कटकट करतं गो. 'बोर होतंय, बोर होतंय.' सीरियल लावली का गप बसतं."

"तुम्हाला भीती नाही वाटली? डबा बोलतो म्हणून?"

"भ्याचं काय त्यात? मी तीन पोरं वाडवली. ती पन बोलायची, आनि वर जेवाला मागायची. हा निदान जेवाला तरी मागत नाय."

टीव्हीशेजारी, प्लास्टिकच्या फुलांच्या मधोमध, डबा विराजमान होता. सुमेधाने तो दोन्ही हातांनी उचलला.

"अंक्या?"

"ताई? थांब ना," डब्यातून आवाज आला. "एवढा सीन होऊ दे. सुनेने दागिने चोरलेले नाहीयेत. तिला अडकवलंय."

"गाढवा!"

"तू गाढव. पंधरा दिवस लागले तुला? मी असतो तर दोन दिवसांत आलो असतो."

पंधरा दिवसांत सुमेधाला घरात कोणी उलट बोललं नव्हतं. तिने थंडगार स्टीलला कपाळ टेकवलं.

"रडतेस काय?" डबा म्हणाला. "वर थेंब पडलेत. गंज लागेल."

"स्टीलला गंज नाही लागत, मूर्खा. नववीत आहे ते."

"मग मला कुठून माहीत असणार?"

पदराने हात पुसत दुर्गाबाई आत आल्या. "न्हे बाय, न्हे. भाऊ हाय तुजा. पन दोन मिनिटं थांब. रिकामा कसा देऊ?"

"मावशी, रिकामा नाहीये तो! अंकुश आहे आत!"

"तो तुमचाच हाय. मी काय घातला त्याच्यात? काय नाय. म्हंजे रिकामाच." दुर्गाबाईंनी गॅस पेटवला. "तुजी आयस अकरा वड्या घालून धाडते, आनि मी तशीच परत देऊ? सगल्या गावठानात माजं तोंड काय राहील?"

सुमेधाने घड्याळात पाहिलं. सव्वाचार वाजले होते. दुर्गाबाईंनी पाणी उकळायला ठेवलं, त्यात तांदळाचं पीठ सोडलं, झाकण घातलं आणि वाफ बसेपर्यंत शेलारांच्या घरच्यांची चौकशी केली. मग पीठ मळायला घेतलं. त्रैलोक्याच्या भवितव्याची पहिली भाकरी पावणेपाचला तव्यावर पडली. दुसरी पाच वाजता. सुमेधा झाकण उघडून ती आत ठेवणार, तोच डबा किंचाळला.

"गरम आहे! गरम आहे!"

"मावशी, त्याला भाजतंय."

"मंग थंड होऊ दे की," दुर्गाबाई म्हणाल्या आणि तिसरी थापायला घेतली.

साडेपाच वाजता तीन भाकऱ्यांखाली दबलेला अंकुश आणि त्याच्यावर घट्ट बसलेलं झाकण, असा डबा सुमेधाच्या हाती आला. दुर्गाबाईंनी चपला घातल्या.

"तुम्ही कशाला मावशी?"

"मी येनार. मागचा अनुभव हाय ना. या खेपेला डबा हाताने घेऊनच जाईन."

दोघी घरी पोचल्या तेव्हा सूर्य समोरच्या इमारतीच्या टाकीला टेकला होता. दार सताड उघडं होतं. सोफ्यावर सुभाष सर बसले होते आणि बाबांना मोबाइलवर बॅनर दाखवत होते. त्यावर अंकुशचा हात जोडलेला फोटो होता, मागे सूर्यकिरण, वर 'कोपरखैरण्याचा कोहिनूर' आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत सरांचं नाव.

देवघरासमोर पाटावर जयमालाबाई बसल्या होत्या. तोंड देवाकडे, खांद्यावरून मागे धरलेलं ताट, ताटात खीर आणि पुऱ्या. त्यांच्यामागे राक्षस स्वच्छ सदरा घालून हात जोडून उभा होता. टेबलाभोवतीचं वर्तुळ त्यांनी सणाचा केर काढताना झाडून टाकलं होतं.

"अतीत कोण?" जयमालाबाईंनी विचारलं.

"मी, मातोश्री. अंकुश मधुकर शेलार, इयत्ता दहावी, तुकडी अ."

"आई, थांब!" सुमेधा ओरडली. "त्याला देऊ नकोस!"

"सुमे, मध्ये बोलू नये. सोवळ्यातलं आहे," आई मागे न बघता म्हणाली. आणि रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं, "अतीत कोण?"

"मी, मातोश्री."

"ए आई, मी! मी इकडे डब्यात!"

 सुभाष सरांनी सोफ्याखाली पाहिलं. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि डब्याकडे पाहिलं. ताट धरलेला हात तसाच राहिला. मागे वळून बघायची रीत नव्हती, आणि जयमालाबाई रीत मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या.

सुमेधाला आईची फक्त पाठ दिसत होती. त्या पाठीवर सगळं लिहिलेलं होतं. साडेपाचला उठणारं पोर. घडी घातलेली चादर. नणंदेसमोर मिरवलेला पहिला नंबर. आणि दुसऱ्या बाजूला, डब्यातून येणारा तो ओळखीचा किरटा आवाज. एक क्षण, अगदी एकच क्षण, ती पाठ राक्षसाच्या बाजूला कलली. सुमेधाने ते पाहिलं. हे आपण आईला जन्मात कधी बोलून दाखवायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

"खीर कशी झालीय?" जयमालाबाईंनी विचारलं.

"सुवासावरूनच कळतं, मातोश्री. अमृततुल्य."

"खाली लागलीय," डबा म्हणाला. "इथपर्यंत वास येतोय. फोनवर बोलत होतीस ना?"

जयमालाबाईंनी दीर्घ श्वास सोडला. त्या खरंच नणंदेशी फोनवर बोलत होत्या.

"पंधरा वर्षांत या कार्ट्याने माझ्या हातच्या एका पदार्थाला बरं म्हटलेलं नाही," त्या देवाला म्हणाल्या. देवाला ते ठाऊक होतं. "सुमे, डबा आण इकडे. अतीत कोण?"

"मी!" डबा ओरडला. सुमेधाने झाकण उघडून, भाकऱ्या बाजूला सारून डबा पुढे केला, आणि जयमालाबाईंनी न बघता अख्खं ताट त्यात ओतलं.

आता राक्षसाने बाहेर यायला हवं होतं. तो आला नाही. अंकुशच्या देहात, अंकुशच्या सदऱ्यात तो तसाच उभा राहिला.

"तिने त्याला दिलं हे खरं," तो म्हणाला. "पण मी जागा सोडली तरच तो येईल. आणि मी सोडणार नाही. मला परत रिकामं बसायचं नाहीये."

"बरोबर बोलतोय मुलगा," सुभाष सर म्हणाले. "बॅनर छापायला गेलाय हो!"

"गप बस रं मास्तरा," दुर्गाबाई म्हणाल्या.

डबा पाटाशेजारी ठेवून सुमेधा राक्षसासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या मनगटावर अजून राखी होती. स्पंजचं फूल चपटं झालं होतं, जरीचे दोरे सुटले होते. अंकुश राखी रात्रीच्या आत हरवायचा. याने पंधरा दिवस जपली होती, आंघोळ करताना हात पाण्याबाहेर धरून.

"ओवाळणी दिली नाहीस तू मला," ती म्हणाली.

राक्षस गोंधळला. "विसरलो. पुस्तकात नव्हतं. काय हवंय तुला?"

"भाऊ."

"मी आहे की, ताई. मी कुठे कमी पडलो?"

 खरं म्हणजे तो कुठेच कमी पडला नव्हता.

"तू चांगला आहेस रे," ती म्हणाली. "मला वाईटवाला हवाय."

राक्षसाने राखीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग टेबलावर उघड्या पडलेल्या विज्ञानाच्या वहीकडे, जरा जास्तच वेळ. त्याने जाऊन वही मिटली, पेनाला टोपण लावलं, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि डब्यापाशी येऊन नाक चोळलं. एक मोठी शिंक आली. घरभर खाडीचा वास पसरला आणि डबा हातभर उडाला. दुर्गाबाईंनी वरच्या वर झेलून त्यावर झाकण दाबलं.

"बसला. लय दिसांनी आला मानूस गावात," त्या म्हणाल्या. "आमचा म्हातारा मिटागरावर व्हता, तवा हा फुकट चिकल उपसायचा गो. गरीब हाय तसा."

अंकुश जमिनीवर बसला होता. त्याने हात हलवून पाहिले, पाय हलवून पाहिले. मग अंगावरच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघून त्याचा चेहरा वाकडा झाला.

"हे काय घातलंय मला? आणि माझा फोन कुठाय? ताई, हॉटस्पॉट दे ना. दोनच मिनिटं. सुनेचं काय झालं ते बघायचंय."

सुमेधाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा घातला, आणि तो हात तसाच त्याच्या खांद्यावर राहिला.

"गुदगुल्या होतायत," अंकुश म्हणाला. पण खांदा काढला नाही.

सुभाष सर बॅनर थांबवायला फोन लावत गॅलरीत गेले. बाबांनी पेपर शोधला. दुर्गाबाई डबा काखेत मारून उठल्या.

"येते मी. माज्या घरी राहील हा. नाव माजं हाय त्याच्यावर, कुटं जातोय? उद्यापास्नं मासली साफ कराला लावीन. हाताला काम पायजे म्हनतो ना."

"अहो, थांबा," जयमालाबाई लगबगीने उठल्या. "तशाच कशा जाता? त्यात दोन पुऱ्या घालते." आणि त्यांनी झाकणाला हात घातला.

"आई!" दोन्ही भावंडं एकदम ओरडली. सुमेधाने रांगोळीचा डबा उचलला, अंकुशची दोन बोटं तोंडात गेली आणि खालच्या मजल्यावरून काकूंनी छताला काठी ठोकली.

"मग वेगळ्या डब्यात देते," जयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी मांडणीवरचा 'सौ. जयमाला मधुकर शेलार' असं कोरलेला डबा काढला आणि पुऱ्या भरून दुर्गाबाईंच्या हातात ठेवला. "परत द्यायची घाई नाही हं."

दुर्गाबाईंनी मान हलवली. घाई नसते म्हणजे काय असतं, ते त्यांना नीट माहीत होतं.

सुमेधा त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली. सूर्य टाकीमागे बुडाला होता. पाताळातून आलेलं संकट पुन्हा बंदिस्त झालं होतं, घर वाचलं होतं, आणि निदान दिवाळीपर्यंत त्रैलोक्याला धोका नव्हता. दुर्गाबाई पहिली पायरी उतरल्या, तोच काखेतल्या डब्यातून दबका, खारट आवाज आला.

"ताई?"

"काय रे?"

"शुक्रवारी विज्ञानाचे पेपर देणार आहेत. मला किती पडले, तेवढं सांगशील का?"